बंगल्यावरची तपासणी

मार्केट यार्डातल्या फळबाजारात एका हमालाचं कोपर सीताराम ओव्हाळच्या पोटात बसलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं. म्हणजे सुरू आधीच झालेलं होतं, कोपरानं ते फक्त जागं केलं. तो सीताफळं निवडत होता. एकेक फळ तळहातावर घेऊन अंगठ्यानं हलकेच दाबत होता, आणि गाळ्यावरचा व्यापारी बराच वेळ सहन करून शेवटी म्हणाला, "आजोबा, दाबायचंच असेल तर विकत घ्या आणि घरी नेऊन निवांत दाबा." सीतारामला हसू आलं. सीताफळं त्याच्या बायकोला, शालनला, आवडायची. ती गेल्यावरही दर हंगामात एकदा तो इथं यायचा, फळं निवडून न्यायचा आणि ती ओट्यावर काळी पडेपर्यंत तशीच ठेवायचा. खायला घरात दुसरं कुणी नव्हतं आणि त्याला स्वतःला बिया थुंकत बसायचा कंटाळा होता. तो पैसे काढायला वळला, तेवढ्यात "बाजू, बाजू" असा ओरडा आला आणि पोटाशी दोन क्रेट धरून येणाऱ्या माणसाचं कोपर त्याच्या उजव्या बरगडीखाली रुतलं. "मधी कशाला हुबं ऱ्हाता आजोबा? लागलं का?" असं विचारून, उत्तरासाठी न थांबता हमाल पुढं निघून गेला.

सीतारामला आधी राग आला. अशी ढुशी त्याला कुणी दिल्याला जन्म लोटला होता. लष्कराच्या सगळ्या वैद्यकीय सेवेचा प्रमुख म्हणून तो निवृत्त झाला तेव्हा स्वतःच्या हातानं दार उघडल्याचंही त्याला आठवत नव्हतं. तो जवळ आला की दारं उघडायची, माणसं भिंतीला लागायची, टाचा जुळायच्या. आता या शहरात तो आजोबा होता, आणि त्यालाही त्याची तक्रार नव्हती. पण राग ओसरला तरी दुखणं ओसरेना. रिक्षात बसल्यावर ते पाठीकडे सरकलं. प्रत्येक खड्ड्याला ते आपली जागा दाखवत होतं, आणि सीतारामच्या लक्षात आलं की ही जागा त्याच्या ओळखीची आहे. उन्हाळ्यापासून तो डाव्या कुशीवर झोपत होता. जेवण अर्धं टाकून उठत होता. पट्ट्याला एक भोक वाढवलं होतं, आणि म्हातारपणी माणूस सुकायचाच असं स्वतःला सांगितलं होतं. हे सगळं दुसऱ्या कुणी त्याला सांगितलं असतं तर त्यानं त्या माणसाला त्याच दिवशी पलंगावर आडवं केलं असतं. रिक्षात, पिशवीआडून, त्यानं शर्टावरूनच बोटं बरगडीखाली नेली आणि मागं घेतली. स्वतःचं पोट स्वतः दाबून काही कळत नाही, हे खरं होतं. त्याला भीती वाटली, हेही खरं होतं.

पोटावर हात ठेवल्याशिवाय पोटाबद्दल बोलायचं नाही, असं त्याचे पहिले साहेब म्हणायचे. पूर्वेकडच्या लढाईत, तंबूतल्या इस्पितळात, सीताराम नुकता कॅप्टन झालेला. चिखलातून स्ट्रेचर यायची आणि साहेब त्याचा हात मनगटाला धरून जखमी जवानाच्या पोटावर ठेवायचे. काय लागतं सांग. कडक आहे का? गरम आहे का? हात सांगेल ते आधी, बाकी सगळं नंतर. त्या दिवसांत त्याचे हात डोक्याच्या दोन पावलं पुढं चालायचे. रात्री जेवताना भाताच्या घासालासुद्धा तो बोटांनी चाचपून बघतोय असं त्याला वाटायचं. मग लढाई संपली, बढत्या सुरू झाल्या, आणि कुणाच्या ध्यानात न येता तो माणसांच्या अंगापासून लांब जाऊ लागला. आधी हात सुटला आणि एक्स-रे आला, मग एक्स-रेही सुटून कागद आले, आणि शेवटी उरल्या त्या पाहण्या. प्रमुख रुग्णालय बघायला येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी भिंतींना चुना लागायचा, कुंड्यांना गेरू लागायचा, आणि तो वॉर्डात शिरला की रुग्ण झोपल्या झोपल्या सावधान व्हायचे. चादर छातीपर्यंत, हात अंगालगत, टाचा जुळलेल्या, नजर छताला. लष्करात ही रीतच असते. तो खाटेखाटेपाशी थांबून विचारायचा, "कोई तकलीफ?" आणि खाटेवरून उत्तर यायचं, "नहीं साब." पाय कापलेला, पोट शिवलेला, ताप अंगात असलेला, सगळे तेच म्हणायचे. अख्ख्या वॉर्डात कुणालाच काही दुखत नसे. परतताना गाडीत त्याला बरं वाटायचं, हे आता आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

घरी येऊन त्यानं सीताफळं ओट्यावर मांडली. वानवडीतला हा फ्लॅट शालननं पाहिलेला नव्हता. तरी स्वयंपाकघरात ती अंग चोरून आपल्या बाजूनं जातेय असं त्याला वाटायचं, म्हणजे ते त्याच्याच मनात होतं. मांडताना त्याची बोटं प्रत्येक फळाच्या पाठीवरून फिरली आणि एक फळ पिकायच्या आधीच आतून नासलंय हे त्यांना लगेच कळलं. ते त्यानं बाजूला काढलं. एवढं अजून कळत होतं तर. मग त्या संध्याकाळी काय झालं होतं? तो खुर्चीवर बसला. अंधार पडायला अजून अवकाश होता आणि खालून मुलांच्या क्रिकेटचा आवाज येत होता.

त्या संध्याकाळी दिल्लीत, बंगल्याच्या मागच्या बाजूला, दोघंच चहा घेत होती. शालननं कप खाली ठेवला, त्याचा हात उचलला आणि लुगड्याच्या निऱ्यांच्या वर, उजवीकडे, आपल्या पोटावर ठेवला. "अहो, बघा ना जरा. इथं काहीतरी लागतं." तिनं आयुष्यात कधी आपणहून त्याचा हात असा ओढला नव्हता. त्यानं तो क्षणभर तिथं ठेवला. मग काढून घेतला आणि म्हणाला, "घरच्या माणसाला आपण तपासायचं नसतं. उद्या बोलावतो दोघा डॉक्टरांना." नियम बरोबर होता. कुठल्याही डॉक्टरला विचारा, तो हेच सांगेल. पण त्या क्षणभरात हाताला काही लागलं होतं की नव्हतं, हे सीतारामला अजून ठरवता आलेलं नव्हतं. कधी वाटायचं, काहीच नव्हतं, इतक्या वर्षांत बोटं बथ्थड झाली होती. कधी मध्येच, दात घासताना किंवा बँकेत बसला असताना, तळहाताखाली ते यायचं, कडक, कच्च्या कवठाएवढं, आणि तो हात पँटला पुसायचा.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. चांगले डॉक्टर होते, त्यानंच निवडलेले. शालन दिवाणखान्यात सोफ्यावर बसली होती, रेशमी साडी नेसून, कारण बंगल्यावर अधिकारी येणार होते. ते दोघं समोरच्या खुर्च्यांच्या कडेवर टेकले. मध्ये चहा होता, काजू होते. सीताराम म्हणाला, "तशी जुनी अ‍ॅसिडिटी आहे तिची." दोघांनी माना डोलावल्या. वयानं मोठ्या डॉक्टरनं अदबीनं विचारलं, "मॅडम, रात्रीचं दुखतं का?" आणि सीतारामच म्हणाला, "नाही, जेवल्यावर थोडंसं. इथं." असं म्हणून त्यानं गणवेशावरून आपल्याच पोटावर जागा दाखवली. डॉक्टरनं स्वतःच्या पोटावर बोट ठेवून विचारलं, "इथं, सर, की जरा वर?" शालन एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. सुट्टीला आलेली अक्षता, त्यांची एकुलती मुलगी, दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, ते आईला विचारतायत." मग सीताराम हसला, "ही आता डॉक्टर झाली बघा," आणि त्याच्यामागोमाग सगळे हसले. शालनही हसली. गोळ्या लिहिल्या गेल्या. सगळ्या लष्कराच्या डॉक्टरांच्या साहेबाच्या बायकोला सोफ्यावर आडवं व्हायला सांगायचं, साडी सोडा म्हणायचं आणि पोटात बोटं घालायची, हे त्या बिचाऱ्यांच्या हातून कसं होणार होतं? आणि कुणी तसं धाडस केलं असतं तर आपल्याला ते रुचलं असतं का, या प्रश्नापाशी सीताराम दर वेळी थांबायचा आणि उठून पाणी प्यायचा.

आजही तो उठला, पाणी प्यायला, आणि दुखण्यानं पुन्हा खाली बसला. एखाद्या शिपायाची बायको असती तर? ती रुग्णालयात रांगेत बसली असती, नंबर आल्यावर एखाद्या उद्धट, झोप न झालेल्या कॅप्टननं तिला पलंगावर झोपवलं असतं आणि मिनिटभरात त्याच्या हाताला ती गाठ कळली असती. रांगेनं ती वाचली असती, कदाचित. पण आपल्या माणसांना रांगेत बसू द्यायचं नाही, हे तर सीतारामनं लहानपणीच ठरवलं होतं. शिरूरच्या पुढच्या खेड्यात त्याची आई अशीच पोट धरून पडली होती. सायकलवरून येणारे डॉक्टर वस्तीच्या कडेला चिंचेखाली थांबायचे, आत यायचे नाहीत. "कुठं दुखतं तिला? इथं?" असं विचारून त्यांनी स्वतःच्या सदऱ्यावर बोट ठेवलं. "न्हाई जी, हितं," म्हणून बापानं आपल्या उघड्या पोटावर बोट ठेवलं. आई आत पडली होती आणि दोन पुरुष चिंचेखाली आपापली पोटं दाखवत तिच्या पोटाबद्दल बोलत होते. औषधाची बाटली त्यांनी दगडावर ठेवली, मागं सरले, मग बापानं ती उचलली. आई गेली. बाप त्याला घेऊन खडकीच्या कारखान्यात आला, पुढं दीक्षा घेतली, घरात बुद्धाची तसबीर आली, आणि पोरगा डॉक्टर होणार हे बापानं आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली. तो झाला. ज्या डॉक्टरांनी आईला हात लावला नाही, तसल्या शेकडो डॉक्टरांचा साहेब झाला. माझ्या माणसांना डॉक्टरच्या दारी जावं लागणार नाही, डॉक्टर माझ्या दारी येईल, एवढी मोठी मजल त्यानं मारली. आणि डॉक्टर आले, बसले, चहा प्यायले, आणि त्याच्या बायकोलाही कुणी हात लावला नाही. चिंचेखालच्या बापासारखंच त्यानं आपल्या पोटावर बोट ठेवलं होतं, हे त्याला शालनच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पाहुण्यांच्या गर्दीत अचानक दिसलं होतं, आणि तेव्हापासून त्याला दुसरं फारसं काही दिसलंच नव्हतं.

त्यानं अक्षताला फोन लावला. ती बाणेरला राहायची, कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. दर आठवड्याला डबा घेऊन यायची, त्याची बिलं भरायची, नीट बोलायची. आईबद्दल मात्र एक शब्द काढायची नाही, आणि तिनं तो काढू नये म्हणून सीताराम तिला ट्रॅफिकबद्दल विचारत राहायचा.

"पोटात दुखतंय जरा," तो म्हणाला. "दाखवावं म्हणतो."

"मग फोन करा ना तुमच्या कुणाला तरी. गालिचा अंथरतील."

"नको. आपला माजी सैनिकांचा दवाखाना आहे, तिथं जाईन. रांगेत बसेन."

मग ती म्हणाली, "एकटे जाऊ नका. मी येते सकाळी गाडी घेऊन."

सकाळी दवाखान्यात बाकं भरलेली होती. जुने सुभेदार, हवालदार, त्यांच्या बायका, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट. सीतारामनं साधा शर्ट घातला होता. खिडकीवर त्यानं नुसतं "ओव्हाळ" म्हणून सांगितलं, नंबर घेतला आणि अक्षताच्या शेजारी बाकावर बसला. त्याला बरं वाटलं. शेजारची म्हातारी त्याला म्हणाली, "सरका की वाईच," आणि तो सरकला. कुणाच्याही लक्षात न येता आपण आत जाऊ, तिथं कुणीतरी आपल्याला पलंगावर झोपवेल, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते होणार असं त्याला वाटू लागलं होतं. पण खिडकीत कार्ड दिलेलं होतं आणि कार्डावर हुद्दा होता. खिडकीतला माणूस, सर्जेराव म्हणून एक निवृत्त हवालदार, कार्ड हातात धरून बाहेर आला आणि त्यानं खाडकन टाचा जुळवल्या.

"साहेब, तुमी हितं बाकावर? आत चला."

"नंबर आला की येईन मी."

"माझी अब्रू जाईल साहेब. लोक काय म्हणतील मला?"

तोवर बाकावरची माणसं उठायला लागली होती. एकजण काठीवर भार देऊन उभा राहिला आणि त्याचे गुडघे थरथरताना सीतारामला दिसले. तो बसून राहिला असता तर ती सगळी उभीच राहिली असती. म्हणून तो उठला.

आतल्या खोलीत सोफा होता. पंख्याखाली गार वाटत होतं. चहा आला, बशीत बिस्किटं आली. अक्षता खुर्चीवर बसून खिडकीबाहेर बघत होती, आणि तिची मान तशीच ताठ होती जशी त्या दिवशी दारात होती. डॉक्टर तेजस्विनी लगबगीनं आली. वयानं लहान होती, काही वर्षं कॅप्टन म्हणून काढून इथं आलेली. "जयहिंद सर," ती म्हणाली, आणि बसा म्हटलं तरी बसली नाही. तिनं शर्टाच्या बाहीवरूनच रक्तदाब घेतला.

"उत्तम आहे सर. आपल्याला काय होतंय सर?"

"विशेष नाही. थोडी अ‍ॅसिडिटी असावी," सीताराम म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून कसं गेलं ते त्याला कळलं नाही. ते तिथंच, जिभेवर, तयार होतं.

"असेल सर. हवाच तशी आहे सर. गोळी देते मी, आणि आठवड्यानं मीच घरी येऊन बघून जाईन सर."

तिचा आवाज गोड होता, नम्र होता, आणि सीतारामला तो ओळखीचा होता. आता उठायचं, गोळ्या घ्यायच्या, सर्जेराव गाडीचं दार उघडेल, अक्षता काही न बोलता घरी सोडेल. सगळं किती व्यवस्थित चाललं होतं. त्यानं चहाचा कप बाजूला केला.

"तू मला तपासलं नाहीस," तो म्हणाला.

"सर, बीपी घेतलं ना सर."

"पोट बघितलं नाहीस."

तिचा चेहरा पडला. "सर, आपण अ‍ॅसिडिटी म्हणालात..."

"मी म्हणालो. माझ्या म्हणण्यावर जाऊ नकोस. तो बाहेरचा पलंग आहे ना पडद्यामागचा, त्याच्यावर झोपतो मी. आणि सर म्हणू नकोस जरा वेळ. जमेल?"

"प्रयत्न करते सर," ती म्हणाली, आणि अक्षताला हसू आलं. कितीतरी वर्षांत आईच्या आठवणीच्या इतक्या जवळ येऊन ती हसली नव्हती.

पलंगावर रेक्झिन होतं, मध्ये फाटलेलं. आधीच्या माणसाच्या पाठीचा ओलावा अजून गेला नव्हता. अक्षता मागोमाग येऊन शेजारच्या खुर्चीवर बसली. पडद्यापलीकडे नंबर पुकारले जात होते. सीताराम आडवा झाला, शर्ट वर घेतला, छताकडे बघू लागला. "हात सैल सोडा," तेजस्विनी म्हणाली, तेव्हा त्याला समजलं की आपले हात अंगालगत ताठ आहेत, टाचा जुळलेल्या आहेत, आणि आपण झोपल्या झोपल्या सावधान झालो आहोत. त्यानं हात सोडायचा प्रयत्न केला. मग तिचा तळवा पोटावर आला, गार, जरासा घाबरलेला. तो डावीकडून निघाला, बेंबीखालून फिरला, उजवीकडे चढला. श्वास घ्या, ती म्हणाली. त्यानं घेतला. बरगडीखाली तिची बोटं थांबली. पुन्हा मागं गेली, पुन्हा तिथंच येऊन थांबली, आणि या वेळी त्यांच्यातली भीती गेलेली होती. हात पुढं चालू लागला की डॉक्टरचा चेहरा कसा होतो ते सीतारामला ठाऊक होतं. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

"इथं दुखतं?"

"नाही," तो म्हणाला. अख्ख्या वॉर्डानं वर्षानुवर्षं दिलेलं उत्तर त्यानं दिलं.

तिनं बोटं आणखी आत नेली. त्याचा गुडघा आपोआप वर आला.

"इथं दुखतं का?"

सीतारामनं मान वळवून शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. उत्तर तिथून येईल असं त्याला वाटलं. शालन अशीच मान वळवून बघायची, आणि तो लगेच बोलायचा, तिचं ओझं हलकं करतोय अशा समजुतीनं. खुर्चीवर अक्षता होती. तिनं ओठ घट्ट मिटले होते आणि तिचे डोळे भरले होते.

"बाबा," ती म्हणाली, "त्या तुम्हाला विचारतायत."

"हो," सीताराम म्हणाला. "दुखतं. बरेच दिवस झाले."

तेजस्विनीनं हात काढला नाही. पडद्यापलीकडे आणखी एक नंबर पुकारला गेला, कुणीतरी उठून काठी टेकत गेलं. मग जरा रागावूनच, एखाद्या शिपायावर रागवावं तशी ती म्हणाली, "बरेच दिवस? आणि घरी कुणाला सांगितलं नाहीत?"

सीताराम छताकडे बघत राहिला. पोटावर तो हात होता, आता कोमट झालेला. शालनला कुणी असं रागावून विचारलं असतं तर तिच्याकडे उत्तर होतं. ह्यांना सांगितलं होतं, असं ती म्हणाली असती, आणि दिवाणखान्यातल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं असतं.